भोपळ्यावरचा पहिला घाव

मी विळी बोलतेय. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडलेली असते ना, मासे कापायची, तीच. आता मी जे सांगणार आहे त्यातलं एक अक्षर तरी तू खरं मानून दाखव. लागली पैज? नाय मानणार तू. शिकलेला दिसतोस. विळी बोलते म्हटल्यावरच तुझी भुवई वर गेली. जरा जवळ ये. पात्याला बोट लाव. लाव ना!

घाबरलास? म्हणजे थोडा तरी विश्वास बसला.

खाली लाकडाचा पाट, त्यावर माझं लोखंडी पातं, बगळ्याच्या मानेसारखं वाकडं. डोक्यावर नारळ खवायची दातेरी चकती. तोंडात दात नाय आणि डोक्यावर दात, अशी म्हातारी बघितलीस कधी? शिक्षण विचारशील तर मासळी गुंडाळून येते त्या पेपरावर झालं, त्यामुळे निम्मंच. निम्म्या बातमीवर बांगडा झोपलेला असायचा. एका खुनाच्या खटल्यात शेवटी फाशी कोणाला झाली ते मला अजून कळलेलं नाय.

जन्म कुडाळकडचा, लोहाराच्या भट्टीतला. तुमची पोरं जन्मली की त्यांना एक चापट बसते, रडायला. मला घण बसले. भाजली, झोडली, पाण्यात बुडवली, परत भाजली, परत झोडली. मी रडले नाय. मी धार धरली. मार खाऊन दोनच गोष्टी होतात बाळा, वाकतात नायतर धारदार होतात. मी दोन्ही झाले.

शांता लग्न होऊन लालबागला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत मी होते. नवऱ्याने कौतुकाने ट्रंकेत हात घातला आणि मी त्याचा अंगठा चाटला. रक्त बघून गडी मटकन खाली बसला. शांता पदर तोंडात धरून हसली. तिथनं आमची दोस्ती.

मग मी कापत सुटले. बांगड्यांची मुंडकी, कोंबडीचे पाय, खेकड्यांच्या नांग्या. सुरमईचं पोट फाडताना आतडी बाहेर घसरतात ना, ते बघितल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाय. ह्या घरातल्या सगळ्यांचं रक्त मी प्यायले. पाहुण्यांचं पण. आपण भेदभाव करत नाय. काम झालं की शांता मला मिटून आडवी करायची. विळी उभी ठेवली की घरात भांडण होतं, बोलायची. आता खरं सांगू? ह्या घरात मी आडवी असले काय, उभी असले काय, भांडण ठरलेलं होतं. फुकट बदनाम झाले.

भांडणाचं नाव हितेंद्र. शांताचा मुलगा. थोरला पण तोच, धाकटा पण तोच.

लोअर परळच्या एका पबच्या दारात उभं राहायचं काम त्याचं. काळा शर्ट, काळी पॅन्ट, दंड असे की शिंप्याने बाहीला हात टेकले. रात्रभर तिकडे पिऊन झिंगलेल्या पोरांना कॉलरला धरून फुटपाथवर फेकायचा. सकाळी घरी यायचा. हाताची खाज शिल्लक असली तर बायको होती. शैला.

चाळीत सगळ्यांना ठाऊक. भिंती पातळ. पण नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार? पलीकडची कौसल्या टीव्हीचा आवाज वाढवायची. शांता पण वाढवायची, सख्खी सासू. मालिकेतली सून मोठ्याने रडायची, घरातली बारीक आवाजात. मी कोपऱ्यात पडून दोघींचं ऐकायची.

शैला मात्र हाताची जादूगार. लग्नाआधी गणपतीच्या कारखान्यात कागदाच्या लगद्याचं काम शिकलेली. घरी बसून बक्षिसाच्या ट्रॉफ्या बनवायची. दुकानात मिळतो तसला सोनेरी प्लास्टिकचा कप नव्हे, सांगाल तशी. कबड्डीवाल्यांना मांडी ठोकणारा गडी, हळदीकुंकवाच्या खेळात जिंकणारीला पैठणी नेसलेली बाहुली. पुढच्या गॅलरीत ओळीने सुकत ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मंडळाच्या ट्रॉफ्या सुकत होत्या. हितेंद्र जेवायला बसला. आमटीत मीठ कमी. आता मीठ कमी असेल तर माणूस मीठ घेतो. हा उठला आणि ट्रॉफ्यांवर नाचला. लाथा, लाथा, लाथा. शैला मध्ये पडली तर तिचं मनगट पिरगळलं. कट्ट आवाज आला. मला हाडाचा आवाज कळतो बाळा, सगळं आयुष्य त्यात गेलं.

हॉस्पिटलात तिला तिची मैत्रीण घेऊन गेली. दीपिका. नायगावच्या चाळीतली, बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे पुतळे रंगवते. प्रभादेवीच्या एका गल्लीत तिने छोटा गाळा घेतला होता. प्लास्टर घालून दोघी परत आल्या तेव्हा दीपिका दारातच बोलली, "बस झालं शैले. चल माझ्याकडे. वर माळा आहे. दरवाजाला आतून कडी आहे."

शैला बोलली, "येईन. पण रिकाम्या हाताने नाय येणार."

"अगं जीव घेऊन ये आधी!"

"नुसता जीव घेऊन आले तर पळून आलेली होईन. तो येईल केसाला धरून न्यायला आणि सगळे बोलतील, बरोबर आहे, बायको आहे त्याची. मला एक काम पुरं करू दे. ते हातात घेऊन दिवसाढवळ्या ह्या दारातनं बाहेर पडेन. मग परत नाय."

हट्ट बघ! मनगट गळ्यात बांधलेलं आणि हट्ट दोन्ही हातांचा. शांता कॉटवर बसून वाल सोलत होती. तिचे हात मध्येच थांबले. मग परत चालू झाले.  त्या दिवशी टीव्ही लावला नाय, एवढं मी बघितलं.

दिवाळीच्या आधी प्राची आली. परळला उंच टॉवर आहे, त्यांच्या कमिटीतली. शिडशिडीत पोरगी, बोलायची मशीनगनसारखी.

"शैलाताई, हॅलोवीन माहितीये ना? आमच्याकडे कॉस्च्युम कॉन्टेस्ट आहे. सगळे भूत बनून येतात. लास्ट इयर साधे कप दिले, एकदम बोअर. ह्या वर्षी कस्टम ट्रॉफी पाहिजेत. क्यूट नको हां! बघून किंचाळले पाहिजेत. रक्त पाहिजे."

शांता कॉटवरनं बोलली, "पितरांका आत्ताच जेवूक घालून लावून दिला. हेंका परत कित्याक बोलवतत?"

"आजी, ही फॉरेनची भुतं."

"मगे तेंका भात खपाचो नाय."

मी इतकी हसले की पातं हललं. फॉरेनच्या भुतांना म्हणे भोपळा आवडतो. भोपळ्याला डोळे-तोंड कोरतात आणि आत दिवा ठेवतात. शैलाने मोबाईलवर फोटो बघितले आणि बोलली, "करते. पण भुतं आपली करते. पहिला नंबर भोपळ्याचं मुंडकं, टाळक्यात सुरी घुसलेली. दुसरा हडळ. तिसरा वेताळ. छोट्या मुलांसाठी मुंजा."

"मुंजा स्केरी असतो?"

"पिंपळाखालनं जाऊन बघा एकदा," शैला बोलली. मनगट मोडल्यापासनं पहिल्यांदा तिला हसताना बघितली.

मग आमच्या घरात जी कत्तल सुरू झाली, काय सांगू! भायखळ्याच्या मार्केटातनं शैलाने एक लाल भोपळा आणला, घागरीएवढा. त्याला खोबरेल चोपडलं. वर कागदाच्या पट्ट्या, डिंक, लगदा, थरावर थर. पंख्याखाली सुकवलं. मग कटरने कवच मधोमध गोल चिरायचं, दोन वाट्या बाजूला काढायच्या, आतला भोपळा अख्खाच्या अख्खा बाहेर. परत तेल, परत पट्ट्या. एकाच भोपळ्याच्या अंगावरनं चारी भुतांची डोकी सोलून निघाली. आईच्या अंगाची साल काढून पोरं करावी तसं.

बोटं मी कापली. जुन्या हवाई चपलांच्या तळव्यांची. शैला माझ्या पाटावर पाय मुडपून बसायची, चप्पल पात्यावर दाबायची आणि अंगठे, करंगळ्या टपाटप खाली पडायच्या. हडळीसाठी सुतळीचे केस मीच तोडले. तिची मान तर शैलाने माझ्याकडे बघून केली. तिरकी, लांब. दीपिका रंगवायला यायची. लाल रंगात जरा काळा मिसळून तिने असं काय सुकलेलं रक्त काढलं की कौसल्या साखर मागायला आली ती वाटी टाकून पळाली.

आणि ह्या सगळ्या कापाकापीत शांताचा एकच धोशा. "भोपळ्याक लागता नये हां गो. ओरखडो पडता नये."

आता हे तुला समजावून सांगायला लागेल. आमच्यात बाई अख्खा भोपळा कापत नाय. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने पाहिजे तेवढे तुकडे करावे. का? तर भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईने कापला तर थोरल्याच्या जिवाला बरं नसतं.

दीपिकाने ब्रश बाजूला ठेवला. "मावशी, मग ज्या घरात पुरुष नाय त्यांनी काय करायचं?"

"शेजारचो बोलवूचो."

"शेजारचा घरी नसेल तर?"

"तर पडवळ खावचा."

"आमच्याकडे माझी आई सपासप कापते. मला दोन भाऊ आहेत, दोघेपण रेड्यासारखे आहेत."

शांता बोलली, "तुमचा तुमच्याकडे." विषय संपला.  शैलाच्या माहेरी पण हेच होतं. कवच चिरताना ती श्वास धरायची आणि कटर असा वरवर फिरवायची, जशी काय खाली भोपळा नाय, झोपलेलं मूल आहे.

आणि ह्यातली गंमत सांगू? सगळ्यात जास्त घाबरायचा हितेंद्र. लहानपणी त्याला टायफॉइड झाला, तेव्हा शांताने त्याला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने भोपळा कापून चाळीत वाटला, तो आपण खाल्ला, म्हणून तुझ्यावर आलं. पुढे दंड फुगले, छाती फुगली, पण ती गोष्ट आत तशीच बसून राहिली. घरात भोपळा आला की साहेब झोपेतनं उठून यायचे आणि स्वतःच्या हाताने पहिला घाव घालायचे. शैलाने हा मोठा भोपळा आणला त्या दिवशी पण तो थांबला होता, सुरी घेऊन. "कापायचा नाय, साच्याला पाहिजे," शैला बोलली. तर त्याने सुरी ठेवली. नंतर शैला नळावर गेली तेव्हा मी त्याला बघितलं. भोपळा मांडीवर घेऊन फिरवत होता. ओरखडा शोधत होता. पबच्या दारात पोरांचे दात पाडणारा माणूस!

ट्रॉफ्या द्यायच्या दिवशी दुपारी दीपिका टॅक्सी घेऊन आली. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी. हितेंद्र रात्रपाळी करून माळ्यावर घोरत होता. शैलाने कपड्यांची एक पिशवी कॉटखाली आधीच भरून ठेवलेली. शांता माझ्या पाटावर बांगडे घेऊन बसली होती. तिने पिशवी बघितली. मान खाली घालून बांगड्याचं डोकं उडवलं.

दीपिका हडळ आणि वेताळ दोन्ही काखेत घेऊन निघाली. मुंजाला पण नेऊन ठेवलं. राहिला पहिला नंबर. त्याच्यावर ओला फडका होता, सुरीच्या दांड्याला शेवटचा रंग लावला होता म्हणून. दीपिका परत आली. दारातनं वारा आला की तिचा हात लागला, देव जाणे. फडका खाली पडला.

आणि माळ्याच्या शिडीवर हितेंद्र उभा.

त्याने ते मुंडकं बघितलं. फुगलेले गाल. कपाळावर उभी शीर. डावी भुवई मध्येच तुटलेली, पबातल्या मारामारीत त्याची तुटली होती तशीच. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. आणि टाळक्यात मुठीपर्यंत सुरी.

ते तोंड कोणाचं ते मला आधीपासनं ठाऊक होतं. शांताला पण ठाऊक होतं. 

"हा कोण आहे?" त्याने विचारलं. हळू आवाजात. तो हळू बोलला की शैला भिंतीला टेकायची. आज टेकली नाय. "भूत आहे," ती बोलली.

तो शिडीवरनं उतरला नाय, पडला तसा आला. पहिली मूठ शैलाच्या तोंडावर. ओठ फुटला, रक्ताचा फवारा भिंतीवरच्या कॅलेंडरावर. दीपिका त्याच्या पाठीवर चढली, नखांनी मान ओरबाडली. त्याने खांदा झटकला तशी ती दाराच्या चौकटीवर आपटली. डोकं फुटलं. तरी ओरडली, "अगं कोणी या! मारतोय तिला!" पलीकडे कौसल्याकडे टीव्हीचा आवाज वाढला. ऐकलंस? वाढला!

त्याने शैलाला केसाला धरून गरगर फिरवली आणि फेकली. शांता उठून बाजूला झाली आणि शैला माझ्यावर येऊन पडली. मी तिचा दंड कापला. काय करू, मला काय ब्रेक आहे? बांगडे फरशीवर घसरले. शैलाच्या हाताशी साच्याचा भोपळा होता. मला वाटलं आता फेकून मारेल.

नाय. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या पात्यावर ठेवला. असा, मधोमध. माझी धार त्याच्या सालीवर टेकली. दोघी रक्ताने माखलेल्या, ती पण, मी पण.

"एक पाऊल टाक," शैला बोलली. "कापते."

बाळा, आयुष्यात मी भलेभले थांबवले, पण असा थांबलेला माणूस बघितला नाय. हात वर उचललेला, तो वरच राहिला. तोंड उघडं. घामाचा थेंब नाकावर येऊन लोंबकळला. जणू काय त्याच्याच गळ्याला मी लागले होते.

"ठेव तो," तो बोलला.

"आधी दारातनं बाजूला हो."

"शैला, डोकं फिरलं काय तुझं? ठेव खाली."

दीपिका चौकटीला धरून उठली. डोळ्यात रक्त उतरलेलं. "काप ना शैले! काय बघतेस? भाजी आहे ती! काप!"

शैलाने दाबलं. मला तिचा जोर कळला. आणि लगेच कळलं की त्या जोरात जीव नाय. तिचे हात थरथरत होते. भोपळा पात्यावर टकटक वाजत होता. ओठ फुटलेला, दंड चिरलेला, आणि तरी ह्या माणसाला काय झालं तर, म्हणून हात थरथरतात! मी मनात शिव्या घातल्या. अगं दाब, भवाने, मी तयार आहे, मी भुकेली आहे, दाब!

हितेंद्रला पण कळलं ते. दारावर उभं राहणाऱ्याला समोरच्याचे हात वाचता येतात. तो हसला. वर राहिलेला हात खाली आला. पहिल्या नंबरच्या मुंडक्याकडे वळला आणि त्याला लाथ घालायला त्याने पाय मागे घेतला.

"उठ गो तू थंयसून."

शांता.

ती कॉटवर पण नव्हती, टीव्हीजवळ पण नव्हती. शैलाच्या मागे उभी होती, हाताला बांगड्याचे खवले चिकटलेले. तिने सुनेला दंडाला धरून बाजूला सारलं. जोराने नाय. "एवढा मारल्यान तुका, तरी तुझो हात थरथरता? उठ. तुझो हात नको."

मग ती माझ्यावर बसली. एक गुडघा पाटावर, एक उभा, जन्मभर बसली तशी. भोपळा दोन्ही तळव्यात घेतला.

"आये," हितेंद्र बोलला. पाय तसाच मागे. "आये, काय करतंस?"

"तुका टायफॉइड झालो तेव्हा मी हंयच बसान होतंय," शांता बोलली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, भोपळ्याकडे बघत होती. "रात रात. देवाक सांगलंय, माका ने, हेका ठेव. ठेवल्यान देवान."

"आये, नको. आये!"

"माझीच चूक नाय, देवाची पण हा," ती बोलली आणि दाबलं.

बाळा, दीपिकाला विचार, ती भाजी होती. पण शांताच्या हातात ती भाजी नव्हती. तिचा विश्वास शंभर टक्के होता, शैलापेक्षा पक्का, हितेंद्रपेक्षा पक्का. तिला ठाऊक होतं ती काय कापतेय. आणि हात थरथरला नाय. साल करकरली, मग मी आत शिरले. मऊ, ओलं, थंड. खालपर्यंत. दोन फाका दोन बाजूंना पडल्या आणि मधनं बियांचा लगदा धागे सोडत शांताच्या पायावर आला.

हितेंद्र किंचाळला. पोटाला धरून खाली बसला, बांगड्यांमध्ये. छाती चाचपली, गळा चाचपला, डोक्यावर हात फिरवला. मेला नव्हता. पण त्याला ते खरं वाटत नव्हतं. गुडघ्यात तोंड घालून तो हुंदके द्यायला लागला, लहान पोरासारखा, नाकातोंडातनं.

शैलाने मुंडकं उचललं. दीपिकाने पिशवी. दोघी त्याच्या अंगावरनं पाय टाकून दारातनं बाहेर पडल्या. त्याने मान वर केली नाय. गॅलरीत आता सगळी चाळ जमली होती. वा रे चाळ! भोपळा कापल्याचा आवाज बरा ऐकू आला.

शैला दारात थांबली. "आई, चला."

शांता बोलली, "फुडे जा. मी आंघोळ करून येतंय."

आणि तिने खरंच डोक्यावरनं आंघोळ केली, घरातलं कोण गेल्यावर करतात तशी. मला धुतलं, पुसलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून काखेत मारलं. भोपळ्याच्या दोन्ही फाका एका पिशवीत. दादरच्या चौपाटीवर जाऊन त्या पाण्यात सोडल्या. हात जोडले. मग तिथनं चालत प्रभादेवी.

ट्रॉफ्यांचं विचारतोस? मी काय तिकडे गेले नव्हते, ऐकीव सांगते. पट्टी बांधलेलं डोकं आणि फुटलेला ओठ घेऊन ह्या दोघी टॉवरमध्ये गेल्या तर लोक बोलले, वा, काय मेकअप आहे! कोणीतरी त्यांच्यासोबत फोटो काढले. प्राचीला मात्र जवळ आल्यावर कळलं. तिने दोघींना आत बसवलं, बर्फ आणला आणि पोलिसात जायला गाडी काढली. पहिला नंबर इरावती नावाच्या एका छोट्या पोरीला गेला. ती मुंडकं छातीशी धरून घरी गेली. त्याच्यासोबत झोपते म्हणे. झोपो बिचारी. ते आता चावत नाय.

तक्रार झाली. हितेंद्र जामिनावर सुटला, आता मित्राकडे नालासोपाऱ्याला असतो. गाळ्यापाशी एकदा आला होता. शांता दारात जाऊन उभी राहिली. हातात काय पण नव्हतं. तो रस्त्यापलीकडनंच परत गेला. लोकांना सांगतो, माझ्या आईने मला मारलं. लोक हसतात. मी नाय हसत.

मी इकडे गाळ्यात असते. शैला आणि दीपिकाकडे आता बरंच काम येतं. चपला कापते, सुतळी कापते, रविवारी मासे. गंज चढू देत नायत. धार आहे. खायला-प्यायला बरं आहे.

फक्त एक सांगते आणि संपवते. दुपारी दोघी बाहेर गेल्या की शांता माझ्यासमोर येऊन बसते. कापायला काय नसतं. माझ्या पाटावरनं हात फिरवते. मग इकडे तिकडे बघते आणि हळूच विचारते, "तेका लागला काय गो?"

रोज विचारते. मी जन्माची वाचाळ, तुझ्यासारख्या परक्याला पकडून तासभर बडबडले. आणि तिच्यासमोर माझी जीभ उचलत नाय.

ती बघ आलीच, पाण्याने हात धुऊन. चल, ऊठ. तुझं काय काम नाय आता इकडे. जा.